कैसराचे नेमके काय होते?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला’ हे येशूचे वाक्य अग्रलेखांत, भाषणांत आणि वाचकांच्या पत्रांत वरचेवर येते. सत्तेची बाजू घेणारा त्याचा अर्थ लावतो, ‘कर भरा, गप्प बसा, श्रद्धा घरात ठेवा.’ सत्तेवर रागावलेला त्याच वाक्यातून बंडाची छुपी हाक काढतो. दोघेही हिशेब मात्र मांडत नाहीत. त्या काळात कैसर, म्हणजे रोमन सम्राट, यहूदीयातून (यरुशलेमभोवतीच्या यहूदी मुलखातून) काय काय घेत होता, कोणाच्या हातून घेत होता, त्यातले लोकांनी काय मुकाट्याने दिले आणि कशासाठी मान पुढे केली, हे पाहिल्याशिवाय या वाक्याचा अर्थ लावू नये असे मला वाटते. माहिती पुरेशी उपलब्ध आहे. नवा करार आहे, पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस आहे, त्याच शतकातला अलेक्झांड्रियाचा यहूदी तत्त्वज्ञ फायलो आहे आणि नाणी तर वस्तुसंग्रहालयांत पडून आहेत. जोसेफस रोमन सम्राटांच्या आश्रयाने लिहीत होता. त्यामुळे त्याचे आकडे आणि बंडखोरांबद्दलची त्याची मते जपूनच घ्यावीत. पण कारभाराचे बारकावे त्याच्याइतके दुसरा कोणी देत नाही.

आधी कराचे पाहू. राजा हेरोदाचा मुलगा आणि यहूदीयाचा शासक अर्खेलाव याला इ.स. ६ मध्ये सम्राट ऑगस्टसने पदच्युत करून हद्दपार केले आणि यहूदीया थेट रोमन अमलाखाली आणला. लगेच सूरियाचा सुभेदार क्विरीनिय याने मालमत्तेची मोजणी सुरू केली. मोजणी म्हणजे करआकारणीची पहिली पायरी, हे लोकांना पुरते कळत होते. गालीलकर यहूदा आणि सादोक नावाचा परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचा माणूस) यांनी ‘देवावाचून आम्हाला धनी नाही’ म्हणत विरोध केला. प्रमुख याजक योआजार याने मात्र बहुसंख्य लोकांची समजूत घालून मोजणी पार पाडली. म्हणजे कर द्यावा की देऊ नये हा वाद येशूला तो प्रश्न विचारला गेला तेव्हा जवळपास २५ वर्षांचा जुना होता आणि त्यात रक्तही सांडलेले होते.

करांचे दोन प्रकार होते आणि त्यांची गल्लत नेहमी होते. जमिनीवरचा आणि डोईवरचा कर हा थेट कर. तो रोमन अधिकारी दारोदार फिरून घेत नव्हते. वसुलीची जबाबदारी यरुशलेमच्या वजनदार मंडळींवर होती आणि त्यांची माणसे गावोगाव जाऊन रक्कम गोळा करत. दुसरा प्रकार जकातीचा, म्हणजे माल हद्द ओलांडताना, पुलावर, बाजारात घेतला जाणारा. तिचा मक्ता दिला जाई. मक्तेदाराने कबूल केलेली रक्कम वर भरायची आणि त्याहून जास्त जे उकळता येईल ते स्वतःचे. बाप्तिस्मा करणारा योहान जकातदारांना सांगतो, ‘ठरवून दिले आहे त्यापेक्षा अधिक घेऊ नका’. हा सल्ला आज मिळमिळीत वाटतो. पण मक्त्याचा सगळा नफा नेमका त्या ‘अधिक’मध्ये होता, हे लक्षात घेतले की तो किती झोंबरा आहे ते कळते. शिपायांनाही तो तसेच सांगतो: कोणाला दमदाटी करून पैसे काढू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात भागवा.

येशूचा शिष्य झालेला, कफर्णहूमच्या नाक्यावर बसलेला जकातदार लेवी रोमचा नोकर होता असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. गालील त्या वेळी हेरोदाचा दुसरा मुलगा हेरोद अंतिपा याच्या ताब्यात होते, आणि कफर्णहूम त्याच्या आणि त्याचा भाऊ फिलिप्प याच्या मुलखांच्या सीमेजवळ होते. तिथली जकात अंतिपाच्या खजिन्यात जात असे. जोसेफसच्या म्हणण्याप्रमाणे गालील आणि यार्देन नदीपलीकडचा पेरिया मिळून अंतिपाला वर्षाला २०० तालंतांचे उत्पन्न होते. एका तालंतात ६००० द्राख्मा आणि एक द्राख्मा म्हणजे साधारण एका मजुराची दिवसाची मजुरी, हा ढोबळ हिशेब धरला तर १२ लाख दिवसांची मजुरी होते. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय मात्र यहूदीयातला, म्हणजे रोमच्या हद्दीतला. पेरियाकडून येणारा रस्ता आणि बाल्सम-खजुराच्या बागा यांमुळे ते ठाणे किफायतीचे होते. जक्कय म्हणतो, ‘कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो.’ आपणहून कबुली देणाऱ्याला मोशेच्या नियमशास्त्रात मूळ रकमेवर फक्त एक पंचमांश जादा भरायला सांगितले आहे. चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्याची किंवा विकणाऱ्याची शिक्षा. जक्कयाने स्वतःला चोराचा दर लावून घेतला. हा तपशील प्रवचनांत सहसा येत नाही, याचे आश्चर्य वाटते.

ओझे किती होते? इ.स. १७ मध्ये सूरिया आणि यहूदीया या दोन्ही प्रांतांनी कराच्या भाराने आपण पिळून निघालो आहोत, तो कमी करावा अशी विनंती केल्याचे रोमन इतिहासकार टॅसिटसनेच नोंदवले आहे. रोमकराचीच नोंद असल्याने तिच्यावर अतिशयोक्तीचा आरोप करता येणार नाही. याशिवाय वेठ होतीच. शिपायाने रस्त्यात धरले की त्याचे ओझे मैलभर वाहायचे. रोमन मैल म्हणजे १००० दुहेरी पावले, सुमारे दीड किलोमीटर. कुरेनेकर शिमोनाला येशूचा क्रूस वाहायला लावला तो याच अधिकाराने.

आता ते नाणे. प्रश्न विचारायला आले ते परूशी आणि हेरोदाचे पक्षकार, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे. ‘कैसराला कर देणे योग्य आहे की नाही?’ हो म्हटले तर लोक संतापणार, नाही म्हटले तर रोमन सुभेदार पिलाताकडे तक्रार. येशू गालीलचा, तिथे कैसराचा डोईकर थेट भरावा लागत नव्हता. प्रश्न मुद्दाम यरुशलेमात विचारला गेला, कारण तिथे उत्तराला फौजदारी किंमत होती.

येशू म्हणतो, ‘दीनार आणा.’ हे नाणे बहुधा सम्राट तिबिर्याच्या काळातले, वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास, चांदीचे. एका बाजूला सम्राटाचा चेहरा आणि ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’ अशा अर्थाचा लेख. दुसऱ्या बाजूला बसलेली स्त्री आणि ‘महायाजक’ ही पदवी. यहूदीयात पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवर सुभेदार चेहरा टाकत नसत. पिलातानेसुद्धा टाकला नाही. त्याच्या नाण्यांवर रोमन पूजेची पळी आणि शकुन पाहणाऱ्याची वाकडी काठी आहे, म्हणजे खोडी काढलीच, पण माणसाचे तोंड टाळले. रोजच्या व्यवहारात बिनचेहऱ्याची नाणी मिळत असताना विचारणाऱ्यांच्या माणसांकडून दीनार निघाला, तोही मंदिराच्या आवारात.

पण यावरून ‘मूर्ती असलेले नाणे म्हणजे पाप’ असा सोपा निष्कर्ष काढू नये. त्याच आवारात मंदिरपट्टी भरली जात होती. २० वर्षांवरील प्रत्येक पुरुषाने वर्षाला अर्धा शेकेल द्यायचा. मिश्नेत, म्हणजे यहूदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, तिचे वेळापत्रक आहे: अदार या यहूदी महिन्याच्या १ तारखेला दवंडी, १५ तारखेला गावोगाव सराफांची मेजे, २५ तारखेला प्रत्यक्ष मंदिरात. आणि ही पट्टी चालायची ती सोर शहराच्या चांदीत. सोरच्या शेकेलवर मेल्कार्त या परक्या देवाचे तोंड आणि मागे गरुड. चांदीचा कस चांगला, वजन भरवशाचे, म्हणून देवाच्या तिजोरीत परक्या देवाचा चेहरा चालून गेला. श्रद्धा कुठे ताठ राहते आणि कुठे वाकते याची रेघ त्या लोकांनी तत्त्वज्ञानाच्या पट्टीने आखलेली नव्हती. ती वापरातून, वादातून, कधी मार खाऊन ठरत गेली होती. तिजोरीतले नाणे चालते, नगरात सम्राटाचे चित्र मिरवणारे निशाण चालत नाही, आणि मंदिरात पुतळा म्हणजे मरण पत्करू, अशी ती चढती पायरी होती.

निशाणांचे प्रकरण तपशिलाने सांगण्यासारखे आहे, कारण इथे शस्त्राविना सत्ता मागे हटली. पिलात इ.स. २६ मध्ये आला. कारभार हाती घेतल्यावर लवकरच त्याने कैसरियाहून यरुशलेमला फौज पाठवली आणि तिच्याबरोबर सम्राटाच्या प्रतिमा लावलेली निशाणे रात्रीच्या अंधारात, झाकून आत नेली. आधीचे सुभेदार प्रतिमा नसलेली निशाणे घेऊन शहरात शिरत असत. झाकून नेली यावरून पिलातालाही आपण काय करतो आहोत ते ठाऊक होते. सकाळी बोभाटा झाला. लोकांनी काय केले पाहा. यरुशलेममधल्या शिपायांच्या तळावर दगड टाकले नाहीत. उठले आणि थेट कैसरियाला गेले, सुभेदाराच्या दारात. वाटेत खेड्यांतले लोक मिळत गेले. विनंती केली, ती फेटाळली गेली. मग पिलाताच्या घराभोवती पाच दिवस आणि पाच रात्री जमिनीवर पडून राहिले. सहाव्या दिवशी त्याने निवाडा देण्याच्या मिषाने त्यांना मोठ्या क्रीडांगणात बोलावले आणि इशारा करताच तीन रांगांत शिपायांचा वेढा पडला. प्रतिमा मान्य करा, नाहीतर कापून काढतो, अशी धमकी. सगळे एकदम जमिनीवर पडले, मान उघडी केली आणि म्हणाले, नियमशास्त्र मोडण्यापेक्षा मरू. पिलाताने निशाणे काढायला लावली.

हे का साधले? मागणी एकच आणि नेमकी होती: त्या प्रतिमा बाहेर न्या. फौज काढा, कर माफ करा, पिलात नको, यातले काहीही मागितले नाही. मागणी मान्य केल्याने रोमचे काही जात नव्हते, कारण ती जुनी वहिवाटच होती. हाती शस्त्र नसल्याने कत्तलीला ‘बंड मोडले’ म्हणायची सोय उरली नाही. आणि जागा कैसरिया. ते बंदराचे शहर सुभेदाराचे मुख्य ठाणे होते, तिथली बातमी दडपणे अवघड. (पिलाताचे नाव आणि हुद्दा कोरलेला दगड १९६१ मध्ये याच कैसरियाच्या नाट्यगृहात सापडला.)

याच पिलाताशी, याच लोकांचा पुढचा सामना फसला. त्याने मंदिराच्या निधीतून यरुशलेमसाठी पाण्याचा पाट बांधायला घेतला. लोक न्यायासनाभोवती जमून ओरडू लागले, काहींनी शिव्याही दिल्या. पिलाताने या वेळी शिपाई साध्या वेषात, कपड्यांखाली सोटे देऊन गर्दीत पेरून ठेवले होते. इशारा झाला, सोटे चालले. काही माराने मेले, काही पळापळीत तुडवले गेले. फरक कुठे पडला? माझ्या मते मागणीच पक्की नव्हती. पाणी शहरालाच हवे होते, आणि नगराचा पाण्याचा नाला, तट, बुरूज यांचा खर्च मंदिरनिधीच्या शिलकीतून करावा असे मिश्नेतच नोंदलेले आहे. राग निधी उचलणाऱ्या हातावर होता, आणि तो रास्त असला तरी त्यासाठी मान पुढे करून निजण्याइतकी एकवाक्यता होत नाही. शिवाय या वेळी गर्दी उभी होती, आरडाओरड करत होती, आणि उभ्या गर्दीत साध्या वेषातला माणूस सहज मिसळतो.

निशाणांचा निकाल मात्र टिकला. इ.स. ३७ मध्ये सूरियाचा सुभेदार विटेलियस अरबांच्या राजावर चालून जाताना यहूदीयातून जाणार होता. प्रमुख मंडळी वाटेत भेटली आणि म्हणाली, निशाणांवर प्रतिमा आहेत, आमच्या भूमीतून नेऊ नका. त्याने पलटणी मोठ्या मैदानातून वळवल्या. अकरा-बारा वर्षांपूर्वी कैसरियाच्या धुळीत पडलेल्या लोकांची ती कमाई होती.

खरी कसोटी लागली सम्राट कलिगुलाच्या वेळी. यहूदी लोकांनी याम्निया गावात सम्राटाच्या पूजेसाठी बांधलेली वेदी पाडली आणि चिडलेल्या कलिगुलाने हुकूम काढला: यरुशलेमच्या मंदिरात पुतळा बसवा. सूरियाचा सुभेदार पेट्रोनियस पलटणी घेऊन प्तलमैसला (आजचे अक्को) आला. हजारो लोक बायकामुलांसह तिथे आणि मग गालीलातल्या तिबिर्या शहरात जमले. पेट्रोनियसने विचारले, ‘कैसराशी युद्ध करणार का?’ उत्तर आले: आम्ही कैसरासाठी आणि रोमन लोकांसाठी दिवसातून दोनदा यज्ञ करतो, पण पुतळा बसवायचा असेल तर आधी सगळ्या राष्ट्राचा बळी द्यावा लागेल.

इथेच शेतीचा मुद्दा येतो आणि तो मला सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो. जोसेफस सांगतो की लोक ४० दिवस (दुसऱ्या ग्रंथात तोच ५० म्हणतो) शेते सोडून तिथे बसले आणि तो पेरणीचा हंगाम होता. त्या प्रदेशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो. त्यानंतर जमीन मऊ असतानाच गहू-बार्ली पेरावी लागते. बार्ली वसंतात वल्हांडण सणाच्या सुमारास आणि गहू त्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी निघतो. पेरणीचे चाळीस दिवस हुकले की वर्ष गेले, कारण उन्हाळी पाऊस नाहीच. यहूदी राजा अग्रिप्पाचा भाऊ अरिस्टोबुलस आणि इतर मानकरी पेट्रोनियसकडे गेले ते धर्मशास्त्र सांगायला नव्हे. त्यांनी हिशेब मांडला: जमीन न पेरता राहिली तर कर भरायला लोकांकडे काही राहणार नाही आणि कर भरता आला नाही की लूटमार सुरू होईल. रोमन सुभेदाराला कळणारी ही भाषा होती. वसुली बुडाली तर जाब त्यालाच द्यावा लागणार. फायलोने हा प्रसंग कापणीच्या काळात घातला आहे आणि लोक उभे पीक जाळतील अशी भीती पेट्रोनियसला वाटली असे म्हटले आहे. हंगामाबद्दल दोघांचे जुळत नाही, पण दोघांच्याही सांगण्यात सुभेदाराच्या मनावर ओझे आहे ते धान्याचे.

पेट्रोनियसने जमावाला शेतावर परत पाठवले आणि स्वतःच्या जिवावर उदार होऊन कलिगुलाला पत्र लिहिले. कलिगुलाने उत्तरात त्याला आत्महत्येचा हुकूम केला. तो घेऊन निघालेले निरोपे समुद्रातल्या वादळांत तीन महिने अडकले. दरम्यान २४ जानेवारी ४१ रोजी रोममध्ये कलिगुलाचा खून झाला आणि ती बातमी हुकमाच्या २७ दिवस आधी पेट्रोनियसच्या हाती पडली. श्रद्धाळू माणूस यात देवाचा हात पाहील, आणि जोसेफसही पाहतो. मला त्याबरोबर हेही दिसते की वादळाला वेळ मिळावा एवढी दिरंगाई त्या चाळीस दिवसांनी आणि एका भल्या अधिकाऱ्याने आधीच करून ठेवली होती.

वर ज्या यज्ञाचा उल्लेख आला, तो या सगळ्या व्यवस्थेचा कणा होता. सम्राटाची पूजा करायची नाही, पण सम्राटासाठी देवाची पूजा करायची. यामागे जुनी परंपरा होती. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात धरून नेलेल्या लोकांना पत्र पाठवले होते: घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. पुढे पारसाचा राजा दारयावेश याने मंदिराला बैल, मेंढे, कोकरे, गहू, मीठ, द्राक्षारस, तेल पुरवण्याचा हुकूम केला, तो याच अटीवर की राजा आणि राजपुत्र यांच्यासाठी प्रार्थना व्हावी. रोमन काळात हा यज्ञ रोज दोन कोकरे आणि एक बैल असा होता. खर्च ऑगस्टसने लावून दिला होता असे फायलो म्हणतो, यहूदी लोक स्वतः करत असे जोसेफस म्हणतो. पैसे कोणाचेही असोत, या एका विधीने रोमला निष्ठा दिसत होती आणि यहूद्यांना मूर्तिपूजा टळत होती. दोन्ही बाजूंना तोंड वर करून जगता येईल अशी ती तडजोड होती, आणि ती साठ-सत्तर वर्षे टिकली.

ती मोडली इ.स. ६६ मध्ये, आणि मोडण्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. सुभेदार फ्लोरसने ‘कैसराला गरज आहे’ म्हणत मंदिराच्या खजिन्यातून १७ तालंत उचलले, म्हणजे वरच्याच हिशेबाने लाखभर दिवसांची मजुरी. काही टवाळ तरुणांनी टोपली फिरवून ‘गरीब बिचाऱ्या फ्लोरससाठी’ पै-पैशाची भीक मागायला सुरुवात केली. विनोद झकास होता, पण फ्लोरससारख्या माणसाला हवे होते तेच निमित्त त्याने दिले. त्याने वरचा बाजार लुटायला शिपाई सोडले. जोसेफसच्या मते बायकामुलांसह ३६०० जण मेले. तरीही सगळे संपले नव्हते. राजा दुसरा अग्रिप्पा लोकांना म्हणाला, तुम्ही कराची थकबाकी ठेवली आहे आणि मंदिराला लागून असलेले किल्ल्याचे सोपे, म्हणजे खांबांच्या ओसऱ्या, तोडले आहेत. ही दोन्ही युद्धाची कृत्ये आहेत, भरपाई करा. लोकांनी ऐकले. सोपे बांधायला घेतले, पुढारी गावोगाव गेले आणि ४० तालंतांची थकबाकी थोड्याच वेळात गोळा झाली. पण फ्लोरसचा वारसदार येईपर्यंत फ्लोरसलाच मान द्या, असे अग्रिप्पा म्हणाला आणि लोकांनी त्याला दगड मारून घालवले.

यानंतर मंदिराचा अधिकारी, याजकपुत्र एलाजार याने परकीयांकडून दान वा यज्ञ घ्यायचे नाही असा ठराव रेटला. म्हणजे सम्राटासाठीचा रोजचा यज्ञ बंद. ज्येष्ठ याजकांनी शास्त्र जाणणारे लोक आणून दाखवले की वाडवडिलांनी परकीयांची दाने कधीच नाकारली नव्हती. कोणी ऐकले नाही. जोसेफस याच घटनेला युद्धाचा पाया म्हणतो, आणि या बाबतीत मला त्याचे पटते. निशाणांच्या वेळी जुनी वहिवाट राखण्यासाठी लोक पडले होते. इथे जुनी वहिवाट मोडून शुद्धता दाखवायची होती. लगोलग बंडखोरांनी कर्जरोख्यांचे दफ्तर जाळले, गरीब ऋणको आपल्या बाजूला यावेत म्हणून. यात नुसता धर्म नव्हता, सावकारीखाली पिचलेल्या माणसांचा हिशेबही होता, हे विसरून चालणार नाही. त्यांचा राग रोमइतकाच स्वतःच्या याजक-जमीनदारांवर होता.

याच वादात नेहमी पुढे केला जाणारा, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातला १३वा अध्याय दोन शब्दांत. ‘प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे’ हे वाक्य साधारण इ.स. ५७ मधले, नीरोच्या राज्यातले. पुढच्याच वर्षी जकातदारांविरुद्धच्या ओरड्यामुळे नीरोने सगळी जकातच रद्द करण्याचा विचार केला होता, असे टॅसिटस सांगतो. म्हणजे पौल ‘ज्याला कर त्याला कर, ज्याला जकात त्याला जकात’ लिहितो तो रोममध्ये तापलेल्या विषयावर. तोच पौल फिलिप्पै शहरात बेकायदा फटके बसल्यावर अधिकाऱ्यांना स्वतः येऊन सोडवायला लावतो आणि कैसरियात ‘मी कैसराजवळ न्याय मागतो’ म्हणून अपील करतो. अधीन असणे त्याच्या लेखी कायद्याचा हक्क सोडणे नव्हते. आणि नव्या करारातल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातला दर वाचा: एका दीनाराला शेरभर गहू किंवा तीन शेर बार्ली, तेल आणि द्राक्षारसाला मात्र धक्का लावू नये. दिवसाच्या पूर्ण मजुरीत एका माणसाच्या पोटापुरता गहू. घरात मुले असतील तर बार्लीवर भागवा. श्रीमंतांचा माल सुखरूप. राजवटीवरचा इतका नेमका आरोप अख्ख्या ग्रंथात दुसरा क्वचितच सापडेल.

एक विनंती. ते वाक्य छापताना त्याच्या आधीचा प्रश्न, विचारणारे आणि जागाही छापावी. मार्क १२, ओवी १३ ते १७ एवढाच मजकूर आहे, चौकटीत सहज मावेल. आणि शक्य असल्यास मत्तय १७, ओवी २४ ते २७ जोडावे. तिथे मंदिरपट्टी मागणारे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे येतात. येशू म्हणतो, राजे कर आपल्या मुलांकडून घेतात की परक्यांकडून? परक्यांकडून, तर मग मुले मोकळी आहेत. तरी यांना अडखळण होऊ नये म्हणून माशाच्या तोंडात सापडेल ते नाणे भर. ते नाणे चार द्राख्मांचे, म्हणजे नेमके दोघांची पट्टी. मत्तयाचे हे शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक इ.स. ७० नंतरचे मानतात. तोवर त्या युद्धात मंदिर जळून गेले होते आणि सम्राट वेस्पासियनने पट्टी रद्द करण्याऐवजी तशीच चालू ठेवली होती: दरडोई तेच दोन द्राख्मा, पण आता रोममधल्या जुपिटरच्या मंदिरासाठी. पूर्वी ती प्रौढ पुरुषांपुरती होती. मिसरातल्या पावत्यांवरून दिसते की आता बायकांकडून आणि तीन वर्षांच्या मुलांकडूनही घेतली जाई. पुढे सम्राट डोमिशियनच्या काळात तिची वसुली इतकी निष्ठुर झाली की नेर्वाने गादीवर येताच इ.स. ९६ मध्ये त्या वसुलीतली खोटी आळबाजी बंद केल्याची घोषणा नाण्यांवर कोरवली. कर मात्र चालूच राहिला.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर